आडवी बाटली, उभी बाटली : पोर्टलंडच्या बियरची गोष्ट

ऑनसाइटचे तीन महिने म्हणजे मोठा विचित्र काळ. धड पाहुणे नाही, धड रहिवासी नाही. खोली कंपनीची, गाडी भाड्याची, आणि मिठाचा पुडा घेतानाही 'एवढं संपेल का जाईपर्यंत?' असा हिशोब. अशा वेळी शनिवार-रविवारचं काय करायचं याचे प्रत्येकाचे ठरलेले मार्ग असतात. कुणी धबधबे बघतं, कुणी आउटलेट मॉलमध्ये जाऊन समस्त चुलतभावंडांसाठी बूट घेतं (ओरेगॉनमध्ये सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे हा मार्ग भलताच लोकप्रिय!). गेल्या वर्षी पोर्टलंडशेजारच्या हिल्सबरोला होतो तेव्हा मी तिसरा मार्ग धरला. दर शनिवारी मॅक्स रेल्वेची निळी लाइन पकडायची, शहरात उतरायचं, एखाद्या ब्रुअरीत बसून तिथल्याच बियरचे चार छोटे ग्लास समोर मांडायचे, आणि रात्री परत येऊन त्या जागेचा इतिहास वाचायचा. गाडी असताना रेल्वे का, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

कुठली बियर भारी लागते याची यादी मात्र इथे मिळणार नाही. त्यासाठी माझ्यापेक्षा जाणकार जिभा पुष्कळ आहेत. मला कुतूहल वाटलं ते तारखांचं. पोर्टलंड म्हणजे बियरचं गाव, अशी त्याची ख्याती. लोक आपल्या गल्लीतल्या ब्रुअरीबद्दल असं बोलतात, जसं आपण गावच्या ग्रामदैवताबद्दल बोलावं. म्हणून मला वाटायचं की हे सगळं दीड-दोनशे वर्षं अखंड चालत आलेलं असणार. पण ज्या ब्रुअऱ्यांनी शहराला हे नाव मिळवून दिलं त्यांची स्थापना बघायला गेलं, तर 1984, 1985, 1986. त्याच्या मागे एकदम भिंत! आणि शहरातली पहिली ब्रुअरी तर 1852 ची. मग मधल्या काळात झालं काय?

तर मंडळी, ही त्या खिंडाराची गोष्ट.

पोर्टलंड हे नावच मुळात नाणं उडवून ठरलेलं. 1845 साली दोन जमीनमालकांपैकी एकाला आपल्या गावाचं नाव 'बॉस्टन' हवं होतं, दुसऱ्याला 'पोर्टलंड'. छापा-काटा झाला आणि पोर्टलंड जिंकलं. सात वर्षांनी हेन्री सॅक्सर नावाच्या गृहस्थाने तिथे 'लिबर्टी ब्रुअरी' काढली. ती 1862 साली विकत घेतली हेन्री वाइनहार्डने. हा जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गचा, तिकडेच बियर गाळण्याचं काम शिकलेला. लवकरच त्याने बर्नसाइड रस्त्यावर मोठी ब्रुअरी उभारली आणि पुढची एकशे तीस-पस्तीस वर्षं त्या परिसरात उकळत्या माल्टचा वास दरवळत राहिला.

वाइनहार्डची एक गोष्ट पोर्टलंडमध्ये हमखास ऐकवतात. 1888 साली शहरात स्किडमोर कारंज्याचं उद्घाटन व्हायचं होतं. म्हणे वाइनहार्डने प्रस्ताव ठेवला की आगीच्या बंबाचे पाइप जोडून माझ्या ब्रुअरीतून थेट कारंज्यात बियर सोडतो! नगरपालिकेने नम्रपणे नकार दिला, कारण वाटेत लोक पाइपाला भोकं पाडतील ही धास्ती. गोष्ट पदरची असली तरी हरकत नाही. त्या काळात शहर आणि ब्रुअरी यांचं नातं कसं होतं ते तिच्यातून कळतं.

पण नात्याला दुसरी बाजू होती. लाकूडतोडे, खलाशी, रेल्वेमजूर यांचं हे गाव. गल्लोगल्ली सलून (म्हणजे दारूचे गुत्ते, केस कापायचे नव्हेत :-)). अमेरिकेत तेव्हा कित्येक सलून थेट ब्रुअऱ्यांच्याच मालकीचे किंवा त्यांच्या कर्जात बांधलेले असत. ब्रुअरी फर्निचर देणार, परवान्याचे पैसे देणार, आणि बदल्यात सलूनवाल्याने फक्त तिचीच बियर विकायची, आणि भरपूर विकायची. शनिवारी पगार झाला की तो घरी पोचायच्या आत काउंटरवर संपायचा. हे चित्र आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही.

ओरेगॉनमध्ये बायकांना मतदानाचा हक्क मिळाला 1912 साली. त्या लढ्याची पुढारी ॲबिगेल स्कॉट डनिवे हिचा दारूबंदीला विरोध होता, कारण दोन्ही मागण्या एकत्र आल्या तर दारूवाले पैसा ओतून बायकांचं मतदानच हाणून पाडतील अशी तिला भीती. पण हक्क मिळाल्यावर दोनच वर्षांत, नोव्हेंबर 1914 मध्ये, राज्यात दारूबंदीवर मतदान झालं आणि बंदी जिंकली. 1 जानेवारी 1916 पासून ओरेगॉन कोरडं. बाकी अमेरिका कोरडी झाली ती 1920 साली, म्हणजे ओरेगॉन चार वर्षं पुढे!

आपल्याकडे गावातलं दुकान बंद करायचं का यावर बायका मतदान करतात, त्याला 'आडवी बाटली' म्हणतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. 1914 चं ओरेगॉन म्हणजे राज्यभराची आडवी बाटलीच. तेव्हा दारूबंदी कुणा खुळ्या सोवळ्या लोकांनी लादली असं जे सरधोपट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. ज्यांच्या घरात पगार पोचत नव्हता त्यांनी हातात आलेलं पहिलं हत्यार वापरलं.

परिणाम मात्र व्हायचे ते झाले. वाइनहार्डची कंपनी सरबतं आणि बिनदारूची पेयं काढून कशीबशी तगली, 1928 साली एका प्रतिस्पर्धी कंपनीत विलीन होऊन 'ब्लिट्झ-वाइनहार्ड' झाली. छोट्या ब्रुअऱ्या मेल्या त्या मेल्याच. 1873 साली अमेरिकेत चार हजारांवर ब्रुअऱ्या होत्या. 5 डिसेंबर 1933 ला देशातली दारूबंदी उठली, पण तोवर कारागीर पांगले होते, यंत्रं भंगारात गेली होती. उरलेल्यांत मोठ्यांनी लहानांना गिळलं. 1970 चं दशक संपता संपता अख्ख्या अमेरिकेत ब्रुअऱ्या शंभराच्याही आत आल्या. सगळीकडे तीच पिवळी, थंडगार, कशाचीच चव नसलेली बियर.

आता एक बारकावा सांगतो, जो मला या सगळ्या वाचनातला सर्वांत मोलाचा वाटला. 1933 नंतर अमेरिकेत बहुतेक राज्यांनी नियम केला तो असा : बियर बनवणारा वेगळा, घाऊक वितरक वेगळा, आणि ग्लासात ओतून विकणारा वेगळा. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. उद्देश अगदी चोख, ब्रुअरीच्या मुठीतले ते जुने सलून पुन्हा उभे राहू नयेत. पण नियम लिहिताना डोळ्यासमोर होत्या त्या राक्षसी कंपन्या. दोन पातेल्यांत बियर गाळणारा एखादा माणूस पन्नास वर्षांनी उगवेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्या धंद्यात हे रोज बघतो. एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी घातलेली अट कोडमध्ये वर्षानुवर्षं राहते, तिला हात लावायला सगळे घाबरतात, आणि एक दिवस तीच अट भलत्याच गरिबाचा जीव घेते.

तो जीव पोर्टलंडमध्ये घेतला गेला कार्टराइट ब्रुइंगचा. चार्ल्स कूरी हा मूळचा द्राक्षवाला, ओरेगॉनमध्ये वाइनची द्राक्षं लावणाऱ्या पहिल्या फळीतला. 1980 च्या सुमारास त्याने पोर्टलंडमध्ये चिमुकली ब्रुअरी काढली. पण स्वतःच्या जागेत ग्लास भरून विकायला कायद्याने मनाई. सगळा माल बाटल्यांत भरून वितरकामार्फत दुकानात धाडायचा. ही बियर नाशवंत, तंत्र अजून हातात बसलेलं नाही, त्यामुळे एक बाटली बरी तर दुसरी आंबट. दोनेक वर्षांत दुकान बंद. तोच माल पिंपातून तिथल्या तिथे विकता आला असता तर? कदाचित तरला असता.

इथे जरा थांबून हॉपबद्दल बोलू, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. बियरची कृती तशी चार ओळींची. बार्लीला मोड आणून ती भाजायची (हे माल्ट), गरम पाण्यात भिजवून तिचा गोड रस काढायचा, तो उकळताना हॉप घालायचे, आणि गार झाल्यावर यीस्ट टाकून आंबवायचं. यीस्ट म्हणजे विरजण समजा. आणि हॉप म्हणजे एका वेलीची हिरवी, पाकळ्यापाकळ्यांची बोंडं. त्यांचं काम दुहेरी. एक, माल्टचा गोडमिट्टपणा कापणारा कडवटपणा द्यायचा, जसा मेथीदाण्याने येतो. दुसरं, नासवणाऱ्या जिवाणूंना रोखायचं. म्हणजे मसालाही तेच आणि लोणच्यातलं मीठही तेच.

पोर्टलंडच्या दक्षिणेला पसरलेलं विलामेट नदीचं खोरं हे या वेलींचं माहेर. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतले सर्वांत जास्त हॉप ओरेगॉनमध्ये पिकत. गंमत बघा, राज्य कोरडं असतानाही शेतं हिरवी होती, कारण हॉप पिकवणं हा काही गुन्हा नव्हता, माल बाहेर जात होता. पण चवीच्या बाबतीत अमेरिकन हॉपला कुणी विचारत नसे. सुगंधासाठी युरोपचेच हॉप हवेत, अमेरिकेचे फक्त कडवटपणापुरते, हा ब्रुअरीवाल्यांचा ठाम समज.

हा समज मोडला सरकारी संशोधनाने. पोर्टलंडपासून दोनेक तासांवर कोर्व्हालिस नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे अमेरिकेच्या कृषी खात्याचं हॉपवरचं संशोधन चालतं. 1956 साली तिथे एक संकर तयार झाला, पूर्वजांत इंग्लंडचा 'फगल' आणि रशियाचा 'सेरेब्रियांका', आणि बाप कोण ते अज्ञात. नाव नाही, नुसता नंबर : 56013. सोळा वर्षं हे वाण चाचण्यांत पडून होतं. दरम्यान युरोपात रोगामुळे जर्मन सुगंधी हॉप महागले, कूर्ससारख्या मोठ्या कंपनीला पर्याय हवासा झाला, आणि 1972 साली आल्फ्रेड हाउनोल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली 56013 ला नाव मिळालं 'कॅस्केड', तिथल्या डोंगररांगेवरून.

कॅस्केडला वास येतो पपनसाचा. म्हणजे सोलताना बोटांना लागतो ना, तस्सा. मोठ्या ब्रुअऱ्यांना हवा होता जर्मन हॉपसारखा गरीब, सभ्य वास, त्यांना हा फार भडक वाटला. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 1975 साली 'लिबर्टी एल'मध्ये तो मुद्दाम ठळक वापरला, पुढे 1980 मध्ये सिएरा नेवाडाने आपल्या पेल एलची ओळखच त्यावर उभी केली. आज 'अमेरिकन क्राफ्ट बियर' म्हटल्यावर जी चव जगभर डोळ्यासमोर येते, तिचा उगम एका सरकारी प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आहे. 'ओरेगॉनच्या मातीचा सुगंध' वगैरे जाहिरातीत ठीक. पण त्या मातीत इंग्लंड, रशिया आणि करदात्यांचा पैसा मिसळलेला आहे.

पाण्याचंही असंच. पोर्टलंडला माउंट हूडच्या बाजूच्या बुल रन खोऱ्यातून 1895 पासून पाणी येतं. इतकं मऊ की त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. आमच्यासारख्या बोअरवेलच्या पाण्यावर वाढलेल्यांना साबणाचा फेस जाता जात नाही! बियरवाल्यांना हे म्हणजे कोरी पाटी. हवे ते क्षार हवे तेवढे घालायचे. कडवट, कुरकुरीत एल करायची तर जिप्सम घालतात, कारण इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात ते मुबलक होतं. आणि बर्टनचं नाव निघालं की आपल्या देशाचं नाव निघणारच.

इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए. पोर्टलंडच्या कुठल्याही पबच्या फळ्यावर निम्मी नावं याचीच. आपण भारतीय आहोत हे कळलं की शेजारचा माणूस हमखास सांगतो, "ही तुमच्या देशासाठी शोधली होती, बरं का! प्रवासात टिकावी म्हणून जास्त हॉप घातले." यातलं थोडं खरं, थोडं कीर्तन. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीला जवळच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागत. हॉजसन कप्तानांना लांबलचक उधारी देई, म्हणून त्यांची बियर मुंबई-कलकत्त्याला जाई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-सहा महिन्यांचा प्रवास. जास्त हॉप घातलेली बियर त्यात टिकते हे खरं, पण ती भारतासाठी कुणी 'शोधली' नव्हती. इंग्लंडात तशी बियर आधीपासून होती. पोर्टर नावाची काळी बियरही इकडे भरपूर यायची, सोल्जर तीच प्यायचे. पुढे 1822 च्या सुमारास रशियाने जकात वाढवून बर्टनच्या ऑलसॉपचं तिकडचं गिऱ्हाईक तोडलं, तेव्हा त्याने नजर भारताकडे वळवली. बर्टनच्या पाण्यात ही बियर जास्त खुलली. 'इंडिया पेल एल' हे नाव तर त्यानंतर, जाहिरातींमधून रूढ झालं. थोडक्यात, नाव आपलं, पण पिणारे साहेब लोक. उधारी, जकात आणि जहाजाचं भाडं यांनी एक चव घडवली.

असो. परत 1980 च्या दशकात येऊ.

कार्टराइट बुडालं, तरी प्रयोग थांबले नाहीत. 1979 पासून अमेरिकेत घरच्या घरी स्वतःपुरती बियर बनवणं केंद्रीय कायद्याने वैध झालं होतं (कार्टर यांची सही 1978 ची). त्यामुळे हौशी लोकांची एक अख्खी पिढी गॅरेजमध्ये पातेली उकळत होती. ओपन सोर्सवाल्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल! कृती एकमेकांना देणं, फसलेली बॅच सगळ्यांना चाखायला लावणं, सगळं तसंच. 1984 साली डिक आणि नॅन्सी पाँझी या जोडप्याने पोर्टलंडमधल्या दोरखंडाच्या एका जुन्या कारखान्यात ब्रुअरी काढली, तीच पुढे 'ब्रिजपोर्ट'. हेही द्राक्षवाले. आणि आमच्या जमातीला अभिमान वाटावा अशी बाब म्हणजे डिक पाँझी मेकॅनिकल इंजिनियर, आधी डिस्नेलँडच्या राइड्सवर काम केलेला. त्याच वर्षी कर्ट आणि रॉब या विडमर बंधूंनी आपली ब्रुअरी सुरू केली.

पण कायदा तोच होता. मग या मूठभर लोकांनी, त्यांच्यासोबत माइक आणि ब्रायन मॅकमेनामिन या पबवाल्या भावांनी, राज्याची राजधानी सेलमला खेटे घालायला सुरुवात केली. मागणी साधी : जिथे बनवतो तिथेच ग्लासात ओतून विकू द्या. आमदारांना भेटा, समजावा, एक विधेयक अडकलं की दुसऱ्याला जोडा. अखेर 1985 साली सिनेट बिल 813 मंजूर झालं, गव्हर्नर व्हिक्टर अतियेह (सीरियाहून आलेल्या कुटुंबातला मुलगा) यांनी सही केली. तीन हात वेगळे ठेवणारा मूळ नियम कुणी उखडला नाही. त्यात फक्त एक खिडकी उघडली.

आणि त्या खिडकीतून काय काय आत आलं! त्याच वर्षी मॅकमेनामिन भावांनी हिल्सडेलमध्ये दारूबंदीनंतरचा ओरेगॉनमधला पहिला ब्रुपब उघडला. तिथे त्यांनी बियरमध्ये रासबेरी घातली, इतकंच काय, मार्सची चॉकलेटं घालून बघितली. मोठ्या कारखान्यात असा प्रयोग करायचा तर सात मीटिंगा लागतील. इथे एक पातेलं फसलं तर फसलं, पैसे संध्याकाळी गल्ल्यातून सुटतात. 1986 साली एका पबच्या मालकाने विडमर बंधूंकडे तिसऱ्या प्रकारची बियर मागितली. त्यांच्याकडे आंबवण्याच्या टाक्या दोनच! मग त्यांनी गव्हाची बियर गाळून स्वच्छ न करता तशीच गढूळ पिंपात भरून पाठवली. लोकांना ती इतकी आवडली की 'हेफेवाइझन' हीच विडमरची ओळख झाली. अडचणीतून निघालेलं फीचर, दुसरं काय. 1988 पासून नदीकाठच्या बागेत ब्रुअर्स फेस्टिव्हल भरायला लागला, आणि बियरचं गाव ही ख्याती पक्की झाली.

या सगळ्यात माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे केनेडी स्कूल. ही 1915 सालची प्राथमिक शाळा. म्हणजे ती सुरू झाली आणि लगेच राज्यात दारूबंदी आली. 1975 ला शाळा बंद पडली, इमारत पाडायची वेळ आली. मॅकमेनामिन भावांनी ती घेऊन 1997 साली तिथे हॉटेल, थिएटर आणि पब केलं. फळे, वर्ग, लांबच लांब कॉरिडॉर जसेच्या तसे. एका बारचं नाव 'डिटेन्शन', म्हणजे खोड्या काढणाऱ्या पोरांना जिथे डांबून ठेवतात ती खोली. समोरचा, 'ऑनर्स', हुशार मुलांसाठी! शनिवारी दुपारी तिथे आजीआजोबा नातवंडांना घेऊन जेवायला आलेले, पोरं कॉरिडॉरमध्ये पळतायत, आणि एखादा ग्लास दोन तास पुरवणारे लोक. 1914 साली मत देणाऱ्या बायकांना हे दाखवता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? दारूचं दुकान आणि गावाची बसायची जागा यांत फरक असू शकतो, हे त्यांना बहुधा खरं वाटलं नसतं. त्यांच्या अनुभवात तशी जागा नव्हतीच.

आता हे सगळं गोडगोड संपवता येईल, पण तसं नाहीये. मूळ ब्लिट्झ-वाइनहार्ड ब्रुअरी 1999 साली बंद झाली. तिच्या जागी महागडी घरं, ऑफिसं, दुकानं झाली, 1908 सालची लाल विटांची इमारत आणि धुराडं शोभेपुरतं ठेवलंय. (पॉवेल्स हे पुस्तकांचं अवाढव्य दुकान अगदी शेजारी, तेव्हा तिकडे गेलात तर दोन्ही बघा.) ब्रिजपोर्ट 2019 ला बंद. 1986 ची पोर्टलंड ब्रुइंग 2021 ला बंद. विडमर आधी विलीनीकरणात, मग 2020 साली बडवायझरवाल्या कंपनीकडे आणि 2023 ला टिलरे या गांजाच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या कॅनडाच्या कंपनीकडे. अमेरिकेत आज नऊ हजारांवर ब्रुअऱ्या आहेत, पण पहिल्या फळीतल्या खूपशा त्यांत नाहीत. कायद्याने खिडकी उघडली म्हणून आत आलेला प्रत्येक जण टिकतोच असं नाही.

तरी माझ्या मनात जे बसलं ते हे : स्थानिक चव मातीतून आपोआप उगवत नाही. मातीत वेल उगवते. तिची चव व्हायला एक प्रयोगशाळा, काही हट्टी हौशी माणसं आणि एक बऱ्यापैकी कायदा लागतो. आणि कायदा वाईट असेल तर उगवलेलीसुद्धा मरते.

इथे मला आपल्याकडची आठवण येते. पुण्यात 2009 साली 'डूलाली' ही ब्रुअरी सुरू झाली, तिच्या नावात आपली देवळाली आहे. परतीच्या जहाजाची वाट बघत नाशिकजवळच्या छावणीत सडणारे गोरे सोल्जर भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. पण ती बियर झाली, बाहेरून आलेली. आपलं स्वतःचं काय होतं? कोकणात भंडाऱ्यांची ताडी-माडी, आदिवासी पाड्यांवर मोहाची. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडाच्या झाडाझाडावर कर बसवला आणि गावोगावच्या भट्ट्या मोडून ठेकेदारांकडे धंदा दिला. 1892 च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची नुसती फुलं गोळा करण्यावर बंधनं आणली. हेतू व्यसनमुक्ती नव्हता, महसूल होता. ज्यांचं ते अन्न, औषध आणि सणाचं पेय, ते एका कलमाने गुन्हेगार झाले. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला, आणि त्यातून मराठीला 'परमिट रूम' हा अजरामर शब्द मिळाला. मोहाची मात्र 'हातभट्टी'च राहिली, लपूनछपून गाळायची, आणि म्हणून कधीकधी जीवघेणी.

गोव्याने काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, 2016 मध्ये तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. म्हणजे अशक्य काही नाही. गडचिरोलीत बायकांनी लढून 1993 साली दारूबंदी आणली, तिचं मोल कमी लेखायचा मला अधिकार नाही. मोहाचं पबमध्ये रूपांतर करा असा सोपा सल्ला पोर्टलंडच्या खुर्चीत बसून द्यायचाही नाही. पण 1985 च्या ओरेगॉनकडून एक गोष्ट घेता येते. मोठ्या ठेकेदाराला वेसण घालणारा नियम आणि पाड्यावरच्या दोन मडक्यांना लागू होणारा नियम, हे वेगवेगळे असू शकतात. तसं लिहायला तिथे एक विधेयक पुरलं.

पुढच्या शनिवारी हॉप बाजूला ठेवून 1892 च्या त्या मोहाच्या कायद्याबद्दलच लिहीन म्हणतो.